मासे कधी झोपतात, कधी खातात

शोभेच्या माशांच्या दुकानात थोडा वेळ थांबले की गिऱ्हाइकांचे ठरावीक प्रश्न कानावर पडतात: खायला काय घालायचे, दिवसातून किती वेळा घालायचे, पाणी कधी बदलायचे. टाकीवरचा दिवा किती वाजता बंद करायचा, हे सहसा कोणी विचारत नाही. बेळगावातील शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतील घरे असोत, टिळकवाडीचे फ्लॅट असोत की खानापूर-निपाणीकडील जुनी वाडेवजा घरे असोत, दोन फुटी काचेची टाकी बहुधा सोप्यात किंवा दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेली असते आणि तिच्यावरचा दिवा घरातले शेवटचे माणूस अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत, पुष्कळदा तर रात्रभर, जळत राहतो. मासा नीट खात नाही, सुस्त पडून असतो, रंग उतरला आहे, अशा ज्या तक्रारी येतात त्यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ या दिव्यात सापडते, असे माझे मत आहे. खाणे आणि झोप या गोष्टी आपण वेगवेगळ्या धरतो. माशाच्या शरीरात मात्र त्या एकाच घड्याळाला बांधलेल्या असतात आणि टाकीतले ते घड्याळ आपल्या हातात असते.

टाकीत पाळल्या जाणाऱ्या माशांना पापण्या नसतात. त्यामुळे डोळे मिटून झोपलेला मासा आपल्याला कधी दिसणार नाही, आणि याच एका कारणाने ‘मासे झोपतच नाहीत’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. माणसाची झोप मोजताना मेंदूच्या बाहेरील थरातून उमटणाऱ्या विद्युत लहरी नोंदवल्या जातात. माशाच्या मेंदूला तशा रचनेचा थरच नसल्याने ती कसोटी येथे सरळ लागू पडत नाही. म्हणून अभ्यासकांनी झोपेची ओळख वागणुकीवरून ठरवली. झोपणारा प्राणी बराच वेळ हालचाल थांबवतो, त्यासाठी ठरावीक जागा आणि ठरावीक ढब निवडतो, एरवी ज्या हलक्या धक्क्याने तो दचकला असता त्याची त्या वेळी दखल घेत नाही, पण धक्का जोराचा असेल तर लगेच भानावर येतो, आणि त्याला मुद्दाम जागे ठेवले तर पुढे संधी मिळताच बुडालेली झोप भरून काढतो. यांतली शेवटची खूण मला सर्वांत बोलकी वाटते, कारण नुसते स्वस्थ राहणे आणि झोपणे यांतला फरक तिथे उघडा पडतो. नुसत्या स्वस्थपणाची कोणी उधारी फेडत बसत नाही.

या खुणा ज्याच्यावर सर्वाधिक बारकाईने तपासल्या गेल्या, तो मासा आपल्या दुकानांत अगदी स्वस्तात मिळणारा झेब्रा डॅनिओ. अंगावर शेपटीपर्यंत गेलेले निळे पट्टे असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा मूळचा भारतीय उपखंडातलाच आहे. ओढे, मंद वाहणारे नाले आणि भाताची खाचरे हे त्याचे घर. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि पुढे तो जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन पोहोचला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या कामात असे दिसले की प्रौढ झेब्रा मासा सहा सेकंदांहून अधिक काळ निश्चल राहिला की त्याला जागे करायला जास्त जोराचा धक्का लागतो, म्हणजे तेवढ्या अवधीपासून त्याची झोप धरता येते. माशाची झोप अशी तुकड्यातुकड्यांची असते. रात्रभरात असे असंख्य तुकडे जोडून तिची बेरीज होते. त्याच विद्यापीठातून 2019 साली आणखी एक महत्त्वाचे काम आले. झेब्रा माशाची लहान पिल्ले पारदर्शक असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मेंदूतील पेशींचे काम जिवंतपणीच पाहता येते. या पाहणीत झोपेच्या दोन वेगळ्या अवस्था आढळल्या, आणि त्या सस्तन प्राण्यांच्या गाढ झोपेशी व स्वप्नांच्या झोपेशी बऱ्याच अंगांनी जुळणाऱ्या होत्या. हृदयाचे ठोके मंदावतात, स्नायू सैलावतात. फक्त माणसात दिसणारी डोळ्यांची भरभर हालचाल माशात दिसत नाही. माशांचा आणि आपला समान पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वीचा असल्याने झोपेची ही मांडणी फार जुनी असावी, असा त्यावरून निष्कर्ष काढण्यात आला.

आपल्या दृष्टीने 2007 च्या कामातला दुसरा भाग अधिक उपयोगाचा आहे. अंधारात झोपमोड केलेल्या माशांनी पुढे अंधार मिळताच ती झोप भरून काढली. परंतु सतत उजेडात ठेवलेल्या माशांची झोप जवळजवळ बंद पडली. डोळ्यांवर उजेड पडत असताना माणूस थकला की पेंगतो आणि कुठेही आडवा होतो, तसे या माशाला जमत नाही, कारण उजेड त्याची झोप थेट दाबून टाकतो.

हे कसे घडते, तेही पाहण्यासारखे आहे. माशाच्या मेंदूच्या वरच्या बाजूला, कवटीच्या पातळ भागाखाली, पिनिअल नावाची एक लहानशी ग्रंथी असते. आपल्या शरीरातही ती आहे, परंतु तिला दिवस-रात्रीची बातमी डोळ्यांमार्फत मिळते. माशाच्या ग्रंथीतील पेशींना मात्र उजेड स्वतःच कळतो. अंधार पडला की ही ग्रंथी मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते, आणि उजेड असेपर्यंत ते काम थांबलेले राहते. म्हणजे टाकीवर दिवा जळत असताना माशाने कुठल्याही कोपऱ्यात तोंड लपवले तरी डोक्यावरून येणाऱ्या उजेडापासून त्याची सुटका नसते. शिवाय बहुतेक माशांच्या डोळ्यांतील बाहुली आपल्याप्रमाणे झटकन लहान-मोठी होत नाही. उजेड-अंधाराशी जुळवून घेण्यासाठी त्यांच्या दृष्टिपटलातील पेशींना पुढे-मागे सरकावे लागते आणि त्याला बराच वेळ लागतो. मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाने सहज म्हणून टाकीचा दिवा लावला की मासे काचेवर आदळत सैरावैरा धावतात ते यामुळे. संध्याकाळी आधी टाकीवरचा दिवा बंद करावा, खोलीचा दिवा काही वेळाने बंद करावा, आणि सकाळी उलट क्रम ठेवावा, इतके केले तरी हा धक्का टळतो. टाकीला दिवसातून आठ ते दहा तासांचा उजेड पुरतो. पंधरा-सोळा तास दिवा जाळून मासे अधिक आनंदात राहतात असे काही नाही. त्यातून शेवाळ मात्र नक्की वाढते.

आता ज्याला आपली टाकी रात्री कशी दिसते हे पाहायचे असेल, त्याने दिवे बंद केल्यावर तास-दीड तासाने विजेरी घेऊन यावे आणि तिचा झोत टाकीवर न मारता शेजारच्या भिंतीवर मारावा, म्हणजे परतलेल्या मंद उजेडात मासे न दचकता दिसतात. गोल्डफिश तळापासून थोडा वर, डोके किंचित खाली झुकवून, एका जागी तरंगत असतो. शेपूट सैल असते, बाजूचे पर मधूनच एकदा हलतात आणि कल्ल्यांची उघडझाप दिवसापेक्षा संथ चाललेली असते. निऑन टेट्राच्या अंगावरची निळी रेघ मळकट जांभळी होते आणि लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो; ज्यांना हे माहीत नसते ते सकाळी लवकर दिवा लावून हा फिकटपणा पाहतात आणि आजार समजून औषध ओततात, खरे तर अर्ध्या तासात रंग आपोआप परततो. झेब्रा, बार्ब आणि टेट्रा दिवसा थव्याने फिरतात, परंतु थवा धरून राहण्यासाठी एकमेकांना पाहावे लागते, त्यामुळे अंधारात तो विस्कटतो आणि जो तो आपल्या जागी जातो. फायटर मासा पृष्ठभागाजवळच्या एखाद्या रुंद पानावर कुशीवर टेकलेला सापडतो, कारण त्याच्या डोक्यातील एका खास अवयवामुळे तो हवेतला प्राणवायूही घेतो आणि झोपेतही त्याला वर येणे सोयीचे जाते. क्लाउन लोच तर सरळ तळावर आडवा पडतो, आणि नवख्या माणसाची त्याला पाहून छातीच धडधडते.

‘मामा, ह्यो मासा मेलाय की झोपलाय?’ हा लहान मुलांचा प्रश्न म्हणून अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर कल्ल्यांकडे पाहून मिळते. कल्ले लयीत उघडत-मिटत असतील आणि मासा आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या ढबीत असेल, तर त्याला तसेच राहू द्यावे. दिवे लागून तास उलटला तरी मासा तळाशी खिळून असेल, पर अंगाला चिकटलेले असतील, कल्ले धापा टाकल्याप्रमाणे भराभर चालत असतील किंवा तो खाण्याकडे बघतही नसेल, तर ती झोप नव्हे आणि पाणी तपासायला हवे. काचेवर टिचक्या मारून खात्री करून घेण्याची सवय मात्र सोडावी. गोल्डफिश आणि त्याच्या कुळातील माशांच्या पोटातील हवेची पिशवी लहान हाडांच्या साखळीने आतल्या कानाशी जोडलेली असते. त्यामुळे त्यांना आवाज फार चांगला ऐकू येतो.

टाकीतले सर्वच मासे रात्री झोपतात असेही नाही. काचेवरचे शेवाळ खाणारा सकर, अनेक मांजरमासे आणि कुली लोच हे मूळचे निशाचर आहेत. दिवसा लाकडाखाली, दगडाच्या फटीत किंवा कुंडीच्या तुकड्याआड दडी मारून बसतात आणि अंधार पडल्यावर कामाला लागतात. तळाशी वावरणारा कोरिडोरास पहाटे आणि संध्याकाळी विशेष हालचाल करतो. एंजल माशाच्या कुळातील जोडीने अंडी घातली असतील तर दिवसा जागणारे हे मासे रात्रीही अंड्यांवर पराने पाणी मारत राहतात, कारण अंड्यांना प्राणवायू लागतो आणि त्याला रात्र-दिवस नसतो. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये राहणारा आंधळा टेट्रा तर आपल्या नदीतल्या भाऊबंदांच्या मानाने फारच कमी झोपतो, असे 2011 साली दाखवून देण्यात आले. गुहेत अन्न तुटपुंजे असते आणि जो जास्त वेळ जागा राहून शोधेल त्याच्याच तोंडात घास पडतो, हे त्यामागचे संभाव्य कारण मानले जाते. जागेपणा टिकवणारे हायपोक्रेटिन नावाचे मेंदूतील एक रसायन भुकेशीही निगडित आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेतली म्हणजे झोपेवरून खाण्याकडे येताना आपण विषय बदलत नाही, हे पटेल.

माशाने कुठे आणि केव्हा खावे हे त्याच्या तोंडावर लिहिलेले असते. गप्पी, मॉली आणि फायटर यांचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, म्हणजे हे पृष्ठभागावरचे घास टिपणारे. हिवताप आणि डेंगीच्या मोसमात पाण्याच्या हौदांत गप्पी मासे सोडले जातात ते त्यामुळेच; डासांच्या अळ्या श्वासासाठी पृष्ठभागाला लटकतात आणि आयत्या त्यांच्या तोंडाशी येतात. टेट्रा-बार्ब यांचे तोंड सरळ समोर असते आणि ते मधल्या पाण्यात, खाली येणारा दाणा पकडतात. खाली वळलेले तोंड आणि मिशा असतील तर तो तळ चाचपडणारा मासा. आपल्या भागातले याचे एक सुंदर उदाहरण आंबोलीला आहे. तेथील हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडातून 2020 साली लोच कुळातील एका नव्या माशाचे वर्णन झाले आणि त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. तीच नदी पुढे आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वराकडे येऊन घटप्रभेला मिळते. असा मासा पकडून टाकीत आणण्याचा विचार कोणी करू नये. पण सांगायचा मुद्दा हा की लोच किंवा कोरिडोरास पाळणाऱ्याने वर तरंगणारे खाद्य टाकले तर त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, आणि दुकानदार ‘तो उरलेसुरले खातो’ असे सांगतो त्यावर विसंबून पुष्कळ तळमासे अर्धपोटी जगतात.

निशाचर माशांच्या बाबतीत वेळेचाही प्रश्न येतो. दिवसा दिलेले सगळे खाणे चपळ मासे फस्त करतात आणि सकर बाहेर पडतो तेव्हा तळ रिकामा असतो. त्याच्यासाठी दिवा बंद केल्यानंतर बुडणारी चकती टाकावी, किंवा काकडीची अथवा किंचित वाफवलेल्या दोडक्याची फोड दगडाला बांधून ठेवावी आणि सकाळी उरलेली काढून घ्यावी. सकर काचेवरचे शेवाळ खाऊन टाकी स्वच्छ ठेवतो, एवढ्यावरच त्याला पाळणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात वाढ झालेल्या सकराचे त्या शेवाळावर भागत नाही आणि त्याची विष्ठा टाकीला सांभाळवत नाही. मोठा झाला म्हणून त्याला तळ्यात किंवा मलप्रभा नदीत नेऊन सोडणे हा तर त्याहून वाईट उपाय आहे, कारण दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा देशातील अनेक जलाशयांत उपद्रवी ठरला आहे.

गोल्डफिशची गोष्ट निराळी आणि जास्त महत्त्वाची, कारण बेळगावातल्या घरांत सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत जास्त चुकीचे खाणारा मासा तोच आहे. गोल्डफिश, कोई, बार्ब, झेब्रा या सगळ्या कुळाला जठर नसते. घशात असलेल्या दातांनी अन्न भरडले जाते आणि ते सरळ लांबलचक आतड्यात उतरते. जठर म्हणजे साठवणुकीची जागा. ती नसल्यामुळे एका वेळी बरेच खाऊन ते सावकाश पचवणे या माशाला शक्य नाही, आणि म्हणूनच निसर्गात तो दिवसभर थोडेथोडे चरत राहतो. जात्यात मूठमूठ वैरण घालावी तसे त्याचे खाणे चालायला हवे; सगळी पाटी एकदम ओतली तर पीठ न पडता नुसते भरडे बाहेर येते. गोल्डफिशला तृप्तीची जाणीव कमी आणि हावरेपणा जास्त, त्यामुळे समोर येईल ते तो गिळतो, अर्धेकच्चे बाहेर टाकतो आणि पुन्हा काचेजवळ येऊन तोंड उघडझाप करतो. घरातल्या आज्जीला त्या उघडझापीत भूक दिसते आणि आणखी चिमूटभर दाणे पडतात. येणारे-जाणारे नातेवाईक, मुले आणि शेजारची मुले यांच्या चिमटी वेगळ्याच.

काचेजवळ येणे ही भुकेपेक्षा शिकवणीची खूण असते. माशांची आठवण तीन सेकंदांची असते हे विधान साफ खोटे आहे. रोज एकाच वेळी खाणे दिले तर गोल्डफिश त्या वेळेच्या आधीपासूनच खाणे पडणाऱ्या कोपऱ्याशी येऊन फिरू लागतो, आणि प्रयोगांत असे दिसले आहे की सतत उजेड असलेल्या टाकीतही ठरावीक वेळेच्या खाण्यावरून तो आपले दिवसाचे घड्याळ लावतो. रात्रीच खाणे मिळत गेले तर हाच मासा रात्री जागणारा होऊ शकतो. म्हणजे उजेडानंतर खाण्याची वेळ हे टाकीतले दुसरे घड्याळ, आणि दोन्ही घड्याळे वेगवेगळ्या वेळा दाखवू लागली की गोंधळ होतो. रात्री दहाला कामावरून येऊन, दिवा लावून, प्रेमाने मूठभर दाणे टाकणारा माणूस नेमका हाच गोंधळ करतो. सकाळी दिवा लावल्यावर अर्ध्या तासाने पहिले खाणे आणि दिवा बंद होण्यापूर्वी दोन तास शेवटचे खाणे, ही मर्यादा पाळून मोठ्या माशांना दोन वेळा, गोल्डफिशला शक्य असल्यास तीन-चार वेळा अगदी थोडेथोडे द्यावे. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढेच टाकावे. नवजात पिल्लांचे पोट टिचभर असते, त्यांना अधिक वेळा लागते.

काय घालावे यावर लोक फार वाद घालतात, मला त्यात फारसे वादाचे काही दिसत नाही. चांगल्या प्रतीचे बारीक दाणे, कधीतरी सुके किंवा गोठवलेले ब्लडवर्म (लाल रंगाच्या बारीक अळ्या), गोल्डफिशला उकडून साल काढलेला हिरवा वाटाणा, इतके पुरते. नाल्याच्या गाळातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे आजार घेऊन येऊ शकतात, ते टाळावेत. फुगीर अंगाच्या गोल्डफिशला कोरडे दाणे वरून गिळताना हवाही गिळली जाते आणि तो कलंडून तरंगू लागतो. त्याला दाणे क्षणभर भिजवून किंवा बुडणारे दाणे द्यावेत. तळ्याकाठी चुरमुरे आणि कणकेच्या गोळ्या टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ती घरच्या टाकीत आणू नये. चुरमुरे, भाताची शिते आणि चपातीचे तुकडे पाण्यात फुगतात, विरघळतात आणि दगडांच्या फटीत सडतात.

सडणे म्हणजे केवळ घाण वास नव्हे. माशाने पचवलेल्या प्रथिनातला नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो, आणि न खाल्लेले अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात, परंतु त्यांची क्षमता ठरलेली असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी साधारण 56 लिटर पाणी मावते. चार गोल्डफिश आणि सहा उदार हात यांच्यापुढे हे पाणी फार थोडे आहे. पाण्याचा सामूही (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचे माप) येथे बघावा लागतो. 25 अंश सेल्सिअसला, सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी स्वरूपात असतो, तर सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या टाकीत सामू अनेकदा जास्त असतो, आणि म्हणून जास्तीच्या खाण्याचा फटका त्यांना लवकर बसतो.

या सगळ्याचा हिशोब रात्री चुकता होतो. दिवसा टाकीतल्या वनस्पती प्राणवायू सोडतात. दिवा बंद झाला की त्याही मासे आणि जिवाणूंप्रमाणे प्राणवायू घेऊ लागतात, त्यामुळे पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. पाणी जितके उष्ण तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: समुद्रसपाटीला 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी, आणि हे आकडे येथे आणखी थोडे खाली येतात. त्यातच खाणे पचवण्यासाठी माशाला विश्रांतीच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू लागतो आणि ही वाढीव गरज जेवणानंतर काही तास टिकते. एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्री उशिरा भरपेट खाऊ घातलेले मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन हवा गिळताना दिसतात, त्याचे गणित हे आहे. रात्री फिल्टरच्या आवाजाने झोप येत नाही म्हणून तो बंद करणारी घरे मला माहीत आहेत. ज्या वेळी त्याची सर्वांत जास्त गरज, नेमका त्या वेळी तो बंद होतो.

पावसाळ्यात खानापूर-कणकुंबीकडे झाड पडून, तार तुटून वीज तासन्‌तास जाते. अशा वेळी बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप असला तर उत्तमच, नसला तर तांब्याने पाणी उंचावरून परत टाकीत ओतत राहावे. वीज येईपर्यंत खाणे मात्र अजिबात देऊ नये. उपाशी माशाला प्राणवायू कमी लागतो, तो अमोनिया कमी सोडतो, आणि प्रवाह थांबल्याने फिल्टरमधील जिवाणूही त्या वेळी काम करण्याच्या स्थितीत नसतात.

थंडीचा नियमही याच्याशी मिळताजुळता आहे. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते आणि ढोबळ मानाने पाणी दहा अंशांनी थंड झाले की शरीरातील उलाढाल निम्म्यावर येते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट चांगलीच गारठते आणि हीटर नसलेल्या टाकीतले पाणीही उतरते. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा असल्याने त्याला ते सोसते, पण त्याची भूक कमी होते आणि उन्हाळ्याइतकेच दाणे टाकत राहिले तर ते पचत नाहीत. फायटर, टेट्रा, एंजल यांना 24 ते 28 अंशांचे पाणी लागते. त्यांच्यासाठी हीटर घ्यावाच.

गणपतीचे दिवस हा टाकीतल्या माशांचा सर्वांत खडतर काळ असतो. आरास त्याच खोलीत, दिव्यांच्या माळा रात्रभर लुकलुकणाऱ्या, बाहेर मिरवणुकीच्या आवाजाचे दणके, आणि दर्शनाला येणारी मुले प्रसादाचा कणही माशांना घालू पाहणारी. टाकी हलवणे तर शक्य नसते, तेव्हा रात्री दहाच्या सुमारास तिच्या तीन बाजूंवर जाड कापड टाकावे, वरची बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी पण तिच्यावर थेट माळेचा उजेड पडू देऊ नये, आणि खाद्याचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. आवाजाचा कंप काचेतून आणि टेबलातून जातो. टाकीखाली थर्माकोलचा जाड तक्ता असला तर तो बराच कमी होतो.

चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणांहून मासे प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून येतात आणि पिशवीतले पाणी घाण होऊ नये म्हणून त्यांना आधी उपाशी ठेवलेले असते. असा नवा मासा घरी आणल्यावर पहिल्या दिवशी टाकीचा दिवा बंदच ठेवावा आणि खाणे दुसऱ्या दिवशी, तेही चिमूटभर द्यावे. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला किंवा पंढरपूरला घरचे सगळे चार-पाच दिवसांसाठी निघाले, तर धडधाकट मोठे मासे तेवढे दिवस न खाता निभावतात. टाकीतले शेवाळ आणि बारीकसारीक जीव त्यांना थोडाबहुत आधार देतात. शेजाऱ्याला खाद्याचा अख्खा डबा सोपवून जाण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. शेजाऱ्याला सांगायचेच असेल तर दिवा वेळेवर लावण्या-बंद करण्याचे आणि एअर पंप चालू आहे का हे पाहण्याचे सांगावे, आणि खाणे द्यायला लावायचेच असेल तर एका वेळेच्या पुड्या बांधून द्याव्यात. परतल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मेच दाणे टाकावेत आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीच्या मापावर यावे.